फी भरली, पुढे काय?

दिवाळीत गरीब विद्यार्थ्याची प्रवेश-फी भरली की आपण मोकळे होतो. वाचकहो, पोर अडते ते पुढे! द्रोणागिरीत १२ जानेवारी २०२४ पासून लोकल थांबू लागली, कॉलेज जवळ आले खरे. पण पास, पुस्तके, दुपारचा डबा? ज्यांच्या भातशेतीवर नि मिठागरांवर हे नवे शहर उठले, त्यांच्याच घरची मुले जिल्हा परिषदेच्या शाळेतून येतात. हजेरी घेताना दुसऱ्या वर्षी एखादे नाव गळालेले दिसते. मुलगा हुशार असतो; घरात कमावता हात हवा असतो, एवढेच.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी हे दुखणे नेमके ओळखले. रयत शिक्षण संस्था १९१९ ची; १९४७ साली त्यांनी साताऱ्यास छत्रपती शिवाजी कॉलेज काढले, तेथे मुले राबत आणि शिकत. ‘कमवा आणि शिका’! उपकाराचे ओझे नाही, मान ताठ.

द्रोणागिरीच्या सोसायट्यांत हिशेब लिहायला, लहान मुलांचा अभ्यास घ्यायला कोणीतरी लागतेच. ते दोन तासांचे काम शेजारच्या गावातल्या कॉलेजकुमाराला किंवा कुमारीला द्या. मात्र पदवी हाती पडेपर्यंत, आणि परीक्षेच्या महिन्यात भरपगारी रजा देऊन.