झाकणाचे माप आणि राजाचे पाऊल

फवारणीच्या दिवसांत वावराच्या धुऱ्यावर उभे राहून जरा बघा. पंपात औषध टाकताना माप कशाचे असते? बाटलीच्या झाकणाचे. ‘‘दोन झाकणं टाक बाप्पा, अळी लय झाली,’’ असे म्हणता म्हणता तिसरेही पडते. या बाटलीचे झाकण लहान, त्या बाटलीचे मोठे. पंपही सगळ्यांचे सारख्या लिटरचे नाहीत. मग दोन झाकणे म्हणजे नेमके किती मिलिलिटर, हे ना मालक सांगू शकत, ना फवारणारा मजूर.

२०१७ सालचा हंगाम आपण विसरलेलो नाही. याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो दवाखान्यात भरती झाले. त्याची कारणे अनेक होती. कपाशी माणसाच्या उंचीला गेली होती, दोन-तीन औषधे एकत्र कालवली जात होती, तोंडाला फडके नाही, हातात मोजे नाहीत. सगळा दोष मापावर टाकणे बरोबर नाही. पण ज्या हाताला मापाची सवय नाही, त्या हातात विषाची बाटली देणे धोक्याचे आहे, हे तरी मान्य कराल ना?

आता तुम्ही म्हणाल, याचा लहान पोरांशी काय संबंध? संबंध असा की मापाची सवय चाळिशीत लागत नाही, ती चौथ्या-पाचव्या वर्षी लागते. आणि त्या वयाच्या लेकराला पाढे नि कोष्टके दाखवून काही उपयोग नाही. त्याला चित्र दाखवावे लागते.

रॉल्फ मायलर या लेखकाचे १९६२ सालचे इंग्रजी चित्रपुस्तक आहे. त्यात राजाला राणीसाठी पलंग करून घ्यायचा असतो. राजा आपल्याच पावलांनी माप घेतो: सहा पावले लांब, तीन पावले रुंद. पलंग करणारा शिकाऊ सुतार अंगाने लहान. त्याने स्वतःच्या पावलांनी सहा नि तीन मोजले, आणि पलंग राणीला आखूड पडला! बिचारा तुरुंगात गेला. तिथे बसून त्याच्या ध्यानात आले की आकडा बरोबर होता, पाऊल वेगळे होते. गोष्ट एवढीच. पण पाच वर्षांचे पोर ती ऐकून खदखदा हसते आणि जन्मभर विसरत नाही.

बंधूंनो, राजाचे पाऊल आणि आपले झाकण यांत फरक तो काय?

आपल्याकडेही कालपर्यंत वीत, हात, पायली, शेर, मण, खंडी चालत होते. गावोगावची पायली वेगळी, व्यापाऱ्याची त्याहून वेगळी. १९५६ साली वजनमापांचा कायदा झाला, १९५८ पासून किलोग्रॅम टप्प्याटप्प्याने आले. काटे बदलले, पण डोक्यातला हिशोब बदलला नाही. युरियाची गोणी २०१८ मध्ये ५० किलोवरून ४५ किलोची झाली, तरी आपले आपले ‘एकरी एक बॅग’ चालूच. सातबारा हेक्टर-आरमध्ये, पारावरचा हिशोब एकर-गुंठ्यात. औषधाची शिफारस हेक्टरी असेल आणि आपण ती एकराला वापरली, तर मात्रा जवळजवळ अडीचपट होते. कापूस वेचणाऱ्या बाईची मजुरी किलोवर ठरते, पण काट्यावरचा आकडा तिला स्वतःला वाचता येतो काय?

म्हणून अंगणवाडीपासून सुरुवात करावी, असे आमचे मत आहे. आधी नुसती तुलना: कोणाची काठी लांब, कोणते गाठोडे जड. मग वितीने फळी मोजायची. बाईंच्या सहा विती भरतात, बाळूच्या अकरा. भांडण लागू द्या! त्या भांडणातूनच पोरे म्हणतील की सगळ्यांसाठी एकच काठी पाहिजे. तेव्हा मीटरपट्टी हातात द्यावी. पियाजे नावाच्या स्विस अभ्यासकाने दाखवून दिले, की बुटक्या भांड्यातले पाणी उंच, अरुंद ग्लासात ओतले की लहान मुलांना ते जास्त झाले असे वाटते. साधारण सातव्या वर्षापर्यंत ही समज पक्की होत जाते. तेव्हा चुकले म्हणून पोराला रागावू नका, पुन्हा ओतून दाखवा. मात्र औषधाच्या रिकाम्या बाटल्या या खेळात कदापि घेऊ नका. पाण्याची लोटी, गिलास पुरे.

चित्राचा आणखी एक फायदा आपल्या जिल्ह्याला मोठा आहे. पांढरकवडा, झरी-जामणीकडच्या कोलाम पोरांची घरची बोली कोलामी, पुसद-दिग्रसच्या तांड्यांवर बंजारा बोली. शाळेची मराठी त्यांना पहिल्या दिवशी परकी असते. चित्राला मात्र बोलीची अडचण नाही. बंडी, कापसाचे गाठोडे, काटा ही चित्रे कोणत्याही घरचे पोर ओळखते.

पुस्तक महागडेच हवे असेही नाही. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला आणि पुढे अनुताई वाघांसोबत कोसबाडला बालशिक्षणाचे काम उभे केले, ते आजूबाजूला सापडणाऱ्या वस्तूंच्या आधाराने. आपल्या शाळेचे गुरुजी नि अंगणवाडीच्या ताई मिळून सोळा पानांचे ‘आपल्या गावचे माप’ सहज काढू शकतील. सरपंच मंडळींना आठवण देतो, की ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातला दहा टक्के पैसा महिला व बालकल्याणावर खर्च करायचा असतो. त्यातून चार चित्रपुस्तके, एक तराजू नि एक मापाचे भांडे घेतले, तर कोणाच्या पोटात दुखायचे कारण नाही.

आणि शेतकरी बंधूंनो, तुमच्यासाठीही एक काम आहे. औषधासाठी खुणांचे मापपात्र आणा, आणि ते लेकरांच्या हाताला लागणार नाही असे ठेवा. संध्याकाळी पोरगं शाळेतून येऊन विचारेल, ‘‘बाबा, तुमचं झाकण केवढं?’’ त्या वेळी त्याला गप्प बसवू नका. त्याचा प्रश्न बरोबर आहे.