सहा तासांच्या स्वर्गात चूल कोणाची?

मैत्रिणींनो, आदर्श समाजाची चित्रं रंगवणाऱ्या तत्त्ववेत्त्यांची थोरवी आपल्याला नेहमी ऐकवली जाते. नाकाडोंगरीत बसून मला त्यांना एकच विचारायचं आहे : तुमच्या त्या नगरात स्वयंपाक कोण करतं?

टॉमस मोरच्या 'युटोपिया'त (1516) खाजगी मालमत्ता नाही आणि काम दिवसाला फक्त सहा तास. एवढ्यात भागतं कसं? मोर म्हणतो, इतर देशांत निम्मी प्रजा म्हणजे बायका, आणि त्या जवळजवळ सगळ्या रिकाम्या बसतात! (जिथे बायका राबतात तिथे बहुधा पुरुष घोरतात, हेही तो लिहून जातो. तेवढ्यापुरतं त्याचं खरं.) मग युटोपियात बायकाही धंदा शिकून काम करतात. पण सामुदायिक भोजनगृहात पाळीपाळीने रांधायचं बायकांनीच, घाणीची नि कष्टाची कामं गुलामांनी. हे रांधणं सहा तासांत धरायचं की वर? शिवाय महिनाअखेरच्या सणाला देवळात जाण्याआधी बायकोने नवऱ्याच्या पाया पडून आपल्या चुका कबूल करायच्या. नवऱ्याने कोणाच्या पाया पडायचं, ते नेमून दिलेलं नाही.

फ्रान्सिस बेकनच्या 'न्यू अटलांटिस'मध्ये (1627) तीस वंशज हयात असलेल्या पुरुषाचा राज्याच्या खर्चाने सोहळा होतो. तो वंश जिच्या पोटी वाढला, ती माय वर माळ्यावर, नक्षीदार खिडकीआड, कोणाला दिसणार नाही अशी बसवलेली!

चारशे वर्षांपूर्वीचं सोडा, म्हणाल. आमच्या तुमसर तालुक्यात बाई उन्हाळ्यात पहाटे मोहफुलं वेचते, मग तेंदूपत्ता तोडते, पावसाळ्यात चिखलात वाकून धानाची रोवणी करते. घरी चूल, पाणी, ढोरं, लेकरं आहेतच. आणि नोंद करणाऱ्याने विचारलं की नवरा सांगतो, "नाही जी, ती घरीच असते." 2019च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायांचे त्यात दिवसाला सरासरी 299 मिनिटं गेली, पुरुषांची 97. म्हणजे मोरचे सहा तास भरून बाई घरी आली, तरी पाचेक तास तिची वाट पाहत उभेच.

आपल्याकडे काशीबाई कानिटकरांनी 1928 साली 'पालखीचा गोंडा'त निदान राज्य तरी बाईच्या हाती देऊन पाहिलं. आपले आदर्श गावांचे आराखडे अजून रस्ते, दिवे नि सभामंडपातच अडकलेत. ग्रामसभेत असा कागद पुढे आला, तर आधी त्यात बाईचा दिवस तास-मिनिटांनी लिहायला लावा. तोवर सही करू नका.