पॉझिटिव्ह आल्यावर ‘सगळं सोड’ म्हणू नका



भोकर तालुक्यातला एक तरुण गेल्या पावसाळ्यात भेटायला आला. तपासणीत एचआयव्ही निघाला होता. आपले संबंध पुरुषांशीच येतात, हे त्याने समुपदेशकाला धीर करून सांगितले. उत्तर मिळाले, “हे घाणेरडे धंदे सोड, लग्न कर.” त्यानंतर तो गोळ्या आणायला गेलाच नाही. मला त्याने खाली मान घालून विचारले, “ताई, आता सगळं सोडायचं का?”

नोकरीत होते तेव्हा मीही असल्या प्रश्नाला ‘संयम पाळा’ म्हणून मोकळी व्हायची. चुकत होते. असे ऐकलेला माणूस संयम पाळत नाही, तो आपल्याला सांगायचे बंद करतो.

त्याला जे सांगितले तेच इथे लिहिते. सरकारी एआरटी केंद्रात गोळ्या फुकट मिळतात, बहुतेकांना रोज एकच. रक्तात विषाणू किती आहेत ते व्हायरल लोडच्या तपासणीत कळते. गोळी न चुकवता घेतली तर साधारण सहा महिन्यांत बहुतेकांचे विषाणू इतके कमी होतात की तपासणीत सापडत नाहीत. ते तसेच राहिले तर शरीरसंबंधातून जोडीदाराला एचआयव्ही लागत नाही. ही माझ्या पदरची गोष्ट नाही. युरोपातल्या १४ देशांत, एक पॉझिटिव्ह आणि एक निगेटिव्ह अशा ७८२ पुरुष जोड्यांचा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. कंडोमशिवाय सुमारे ७६ हजार वेळा संबंध आले, पण जोडीदाराकडून एकालाही लागण झाली नाही.

मग कंडोम कशाला? रिपोर्ट हातात येईपर्यंत आणि गोळ्यांत खंड पडला असेल तर तो हवाच. शिवाय गरमी, परमा हे रोग या गोळ्यांनी थांबत नाहीत. खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लावू नका, त्याने रबर फाटते. पाण्याचे जेल वापरा. फाटलाच आणि जोडीदार निगेटिव्ह असेल, तर त्याला ७२ तासांच्या आत दवाखान्यात न्या, जितके लवकर तितके बरे. रोज घ्यायची प्रतिबंधक गोळीही आहे, निगेटिव्ह जोडीदाराने तिच्याविषयी डॉक्टरांना विचारावे.

असले विषय आपल्या मासिकात कशाला, असे काही जण म्हणतील. १९३४ साली र. धों. कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’वर अश्लीलतेचा खटला झाला. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना, त्यात समलिंगी संबंधांविषयीच्या प्रश्नालाही, त्यांनी छापून उत्तरे दिली होती. त्यांचे वकीलपत्र घेतले बाबासाहेबांनी. खटला हरला, कर्व्यांना २०० रुपये दंड झाला. बाबासाहेब ज्यासाठी कोर्टात उभे राहिले, ते बोलायला आपण नव्वद वर्षांनी का लाजतो?

विहारात कोणी तिसरे शील पुढे करतात. माझ्या समजुतीने ते शील मोडते ते फसवणुकीत. मुलाचे मन कुठे आहे हे माहीत असूनही त्याच्यासाठी मुलगी बघणारे आईबाप, आजार लपवून मांडवात उभा राहणारा मुलगा, आणि काहीच ठाऊक नसलेली ती पोर. तिच्याविषयी कोणी शील आठवत नाही. २०१८ पासून दोन प्रौढ पुरुषांचा संमतीचा संबंध गुन्हा राहिलेला नाही. आणि २०१७ च्या एचआयव्ही कायद्याप्रमाणे रुग्णाचा आजार त्याच्या संमतीशिवाय डॉक्टर-नर्सने बाहेर फोडायचा नाही. गावात बोभाटा होईल या भीतीने थांबलेल्यांनी हे ध्यानात ठेवावे. १०९७ या नंबरवर फुकट माहिती मिळते, नाव सांगावे लागत नाही.

तो तरुण आता पुन्हा गोळ्या घेतो. पुण्याला कामाला जायचे म्हणतो. नाव तिकडच्या केंद्रात बदलून मिळते, हे त्याला सांगितले आहे. घरी मुलगी बघणे मात्र चालूच आहे. पुढच्या रविवारी त्याच्या आईकडे जाणार आहे, तिला काय आणि किती सांगायचे ते त्यानेच ठरवून दिले आहे.