तंटा आहे तिथेच सहकार हवा

पाण्यावरून भांडणारे शेतकरी एकत्र येऊ शकत नाहीत. आधी बंदोबस्त लावून तंटा मिटवावा, सहकाराची भाषा नंतर करावी, असे मत प्रशासनात आणि शिकल्यासवरल्या माणसांतही घट्ट बसले आहे. 2015 साली नाशिकच्या गंगापूर धरणातून मराठवाड्यातल्या जायकवाडीसाठी पाणी सोडताना पोलीस उभे करावे लागले, तेव्हा या मताला आणखी बळ मिळाले. मला ते मुळातच उलटे वाटते. तंटा असतो तिथेच सहकाराची खरी गरज असते आणि तिथे तो रुजतोही. याचा पुरावा नाशिक जिल्ह्यातच, दिंडोरी तालुक्यातल्या वाघाड धरणावर आहे.

वाघाडचा कालवा झाला, तरी शेपटाकडच्या ओझरला हक्काचे पाणी मिळत नव्हते. वर पाटात पाणी चोरणारे डोंगळे पडायचे, पाट फुटायचा, आवर्तन खाली पोचेपर्यंत चारी कोरडी. अशा ठिकाणी बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या समाज परिवर्तन केंद्राने 1990 च्या दशकाच्या आरंभी महात्मा फुले, जय योगेश्वर आणि बाणगंगा या तीन पाणीवापर संस्था उभ्या केल्या. त्यांनी गोडीगुलाबीचा उपदेश केला नाही, व्यवहार बदलला. पाटबंधारे खात्याकडून पाणी घनमापाने मोजून घ्यायचे, पाणीपट्टी संस्थेने वसूल करून भरायची, वाटप सभासदांनी करायचे आणि कोणते पीक घ्यायचे ते ज्याचे त्याने ठरवायचे. भांडणाचे मूळ टंचाईइतकेच संशयात होते. वरच्याने किती घेतले हे खालच्याला कळतच नव्हते. पाणी मोजले जाऊ लागल्यावर संशयाला जागा उरली नाही. वाट्याचे पाणी बंधाऱ्यांत सोडून विहिरींचे पुनर्भरणही वाढवले, त्यामुळे विहीरवाल्याचे हितही पाटाशी जोडले गेले. पुढे सगळ्या लाभक्षेत्रात 24 संस्था झाल्या, त्यांची प्रकल्पस्तरीय संस्था झाली, आणि वरचे व खालचे शेतकरी एकाच बैठकीत बसू लागले.

यावर पहिला आक्षेप असा की, वाघाडला खमके कार्यकर्ते लाभले. एरवी शेतकऱ्याला असे जमत नाही. कार्यकर्त्यांचे मोल मी कमी करत नाही. पण मोसम, गिरणा, पांझरा या नद्यांवर शेतकऱ्यांनी शेकडो वर्षे फड पद्धत चालवली, तिथे प्रत्येक पिढीत कुठला उपाध्ये होता? पाटकरी आणि जागल्या गावाने नेमायचे, एका फडात एकच पीक घ्यायचे आणि पाणी कमी असेल त्या वर्षी भिजणारे फड कमी करायचे. शेतकऱ्याची जमीन वेगवेगळ्या फडांत विभागलेली असल्याने टंचाईची झळ साऱ्यांना लागे. एकट्यानेच सोसायचे असते, तर तो पाट केव्हाच फुटला असता. अशा नियमांतून आलेला न्याय माणसाच्या चांगुलपणावर अवलंबून राहत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. सहकारी कारखाने आणि बँकांची अवस्था पाहिल्यावर सहकार हा शब्दच नको वाटतो, असे लोक म्हणतात. त्यांचा राग रास्त आहे. परंतु त्या संस्थांत सभासदाचा हिशेबाशी संबंध तुटला. पाणीवापर संस्थेत त्याचा हिशेब दर आवर्तनाला शेतात दिसतो. तंटा मिटण्याआधीच अशी सभासदांच्या हातातली संस्था उभी राहू शकते, हे गडचिरोलीसारख्या सशस्त्र संघर्ष झेललेल्या जिल्ह्यातही दिसले. मेंढा-लेखाच्या ग्रामसभेला 2009 साली सामूहिक वनहक्क मिळाला आणि 2011 मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार तिच्या हाती आला. हिंसाचार संपण्याची वाट पाहत ती बसली असती, तर तिच्या जंगलातला बांबू दुसऱ्यांनीच विकला असता.

तिसरे म्हणणे, संस्थांवर भार टाकून सरकार हात झटकेल. ही भीती खोटी नाही. सिंचन व्यवस्थापनात शेतकऱ्यांच्या सहभागाचा 2005 चा कायदा झाला, पण कालवा दुरुस्त करून, मोजमापाची साधने बसवून तो संस्थेच्या ताब्यात दिल्याशिवाय कायद्याला अर्थ नाही. फुटका पाट देऊन सहकार करा म्हणणे हा अन्यायच आहे. खात्याने आपले काम आधी करावे.

नाशिक-मराठवाडा वादात समन्यायी वाटपाचा कायदा आहे, न्यायालयाचे निकाल आहेत आणि दर टंचाईत बंदोबस्तही आहे. नाही ती एकच गोष्ट: वरच्या आणि खालच्या पाणीवापर संस्थांची समोरासमोर बैठक. गोदावरी खोऱ्यातल्या संस्थांनी पुढच्या टंचाईची वाट न पाहता धरणातला साठा आणि आपापल्या गरजेचे आकडे घेऊन ती या हंगामातच बोलवावी.