लॉनला अपटाइम कशाला हवा?

मागच्या वर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात मी ऑफिसच्या फॅसिलिटी ॲपवर एक तिकीट टाकलं. कॅटेगरी: पार्किंग. वर्णन: 'झाडाची फळं पडून सीटवर डाग पडतात, कृपया बघा.' सोबत माझ्या बाईकच्या जांभळ्या झालेल्या सीटचा फोटो. एक मिनिटाचं काम. स्टँडअप सुरू होईपर्यंत मी ते विसरूनही गेलो.

तिसऱ्या दिवशी पार्किंगमधलं जांभळाचं झाड गेलं होतं. म्हणजे खोड होतं, पण फांद्या हातभर ठेवून बाकी सगळं छाटलेलं. खाली माळीकाका फांद्यांचा ढीग लावत होते आणि त्या फांद्यांना अजून अर्धी कच्ची, अर्धी पिकली जांभळं लटकत होती. मी विचारलं, "काका, हे काय केलंत?" त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. "कंप्लेंट आलती सर." कागदावरचा तिकीट नंबर माझा होता.

मी काही बोललो नाही. बोलणार तरी काय?

त्या दिवसापासून मी आमच्या कॅम्पसच्या बागेकडे नीट बघायला लागलो. बघता बघता माझं भांडण एका शब्दाशी सुरू झालं. हिंजवडी असो, खराडी असो की मगरपट्टा, ऑफिसच्या बागा राखण्याची कंत्राटं ज्या शब्दावर उभी असतात तो शब्द: बारमाही. बारा महिने हिरवं. बारा महिने कापलेलं. बारा महिने 'क्लीन'.

काकांच्या शेडमध्ये लॅमिनेट केलेली चेकलिस्ट टांगलेली आहे. गवत ठरलेल्या उंचीच्या वर जाता कामा नये. पिवळा पट्टा दिसता कामा नये. सकाळी आठनंतर वाळलेलं पान दिसता कामा नये. प्रत्येक गोष्टीचा वेळेसकट फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर. मला ती चेकलिस्ट वाचताक्षणी समजली, कारण मी अशाच कागदावर जगतो. आमच्याकडे त्याला एसएलए म्हणतात. सर्व्हर रात्री तीनला पडला तर मला फोन येतो आणि तो यावाच, कारण सर्व्हरला ऋतू नसतो. गवताला असतो.

पुण्याचा पाऊस वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. उरलेले आठ महिने इथली झाडं आपापला हिशोब लावून काढतात. पळस पानं टाकून देतो आणि होळीच्या सुमारास उघड्या फांद्यांवर पेटतो. काटेसावर तसंच करते. बहावा ऐन उन्हाळ्यात पिवळा लोंबतो. पानगळ म्हणजे झाडानं केलेली पाण्याची काटकसर. आमच्या चेकलिस्टमध्ये तिला 'ड्राय वेस्ट' म्हणतात.

तर हे ड्राय वेस्ट सकाळी सात वाजता ब्लोअरनं उडवून गोळा होतं. (घरून काम करणाऱ्यांनी हा आवाज ऐकलेला नाही. मिक्सर कानाला लावल्याची कल्पना करा.) मग ते गोण्यांत भरून टेम्पोनं बाहेर जातं. आणि महिन्याकाठी दुसरा टेम्पो खताच्या गोण्या घेऊन आत येतो. पान बाहेर, खत आत, दोन्हीचं बिल वेगळं. असा कोड कुणी लिहिला असता तर आम्ही रिव्ह्यूमध्ये त्याला आठवडाभर चिडवलं असतं.

पाण्याचं गणित मी स्वतः करून बघितलं, कारण ते अवघड नाही. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. एप्रिल-मेच्या उन्हात लॉन हिरवंगार ठेवायचं तर रोज ढोबळमानानं पाच मिलिमीटर पाणी लागतं. एक एकर म्हणजे सुमारे 4047 चौरस मीटर. गुणाकार करा: रोजचे 20 हजार लिटर. दहा हजारी टँकर धरले तर दोन. एका एकराला, एका दिवसाला.

माझं आजोळ माण तालुक्यातलं. तिथं टँकर हा शब्द वेगळ्या सुरात उच्चारतात. टंचाईत सरकारी टँकरचा हिशोब माणशी रोज 20 लिटर असा असतो. म्हणजे आमच्या एक एकर लॉनच्या पाण्यात हजार माणसांचं गाव बसतं. 2016 च्या दुष्काळात आयपीएलच्या खेळपट्ट्यांवर पाणी मारण्यावरून केवढा गदारोळ झाला होता. उच्च न्यायालयानं एप्रिलअखेरनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर हलवायला लावले. क्रिकेटच्या मैदानावर निदान कुणीतरी खेळतं. आमच्या लॉनवर 'लॉनवर चालू नये' अशी पाटी आहे. ते लिफ्टच्या काचेतून बघायचं असतं.

इथं एक उत्तर हमखास येतं: 'पण आम्ही एसटीपीचं पाणी वापरतो.' मी हे उत्तर थट्टेवारी नेणार नाही, त्यात तथ्य आहे. सांडपाणी शुद्ध करून बागेला देणं हे पिण्याचं पाणी देण्यापेक्षा केव्हाही बरं. पण एसटीपी चालतो आपण फ्लश केलेल्या पाण्यावर. हायब्रिड झाल्यापासून आमच्या इमारतीत मंगळवार ते गुरुवार गर्दी, शुक्रवारी शुकशुकाट. शनिवार-रविवारी सिक्युरिटी सोडून कुणी नाही. लॉन मात्र वीकेंडला कमी पीत नाही. मग टँकर येतो. शिवाय तेच शुद्ध केलेलं पाणी फ्लशला आणि एसीच्या कूलिंग टॉवरला वापरता येतं, म्हणजे तेवढं ताजं पाणी वाचतं. एसटीपीचं पाणी फुकटचं नसतं.

दुसरं उत्तर येतं ते क्लायंट व्हिजिटचं. परदेशातून माणसं येतात, त्यांना पिवळं गवत दाखवायचं का? दाखवा की. जिथं वर्षभर रिपरिप पाऊस पडतो त्या इंग्लंडसारख्या देशात लॉन ही साधी गोष्ट आहे, तिथलं हवामानच तिचा निम्मा माळी आहे. सह्याद्रीचे माळ डिसेंबरपासून सोनेरी होतात आणि त्यांचे फोटो आपणच इन्स्टावर टाकतो. तेच सोनेरी गवत गेटच्या आत आलं की त्याचं तिकीट होतं.

आणि गंमत म्हणजे पिवळं गवत मेलेलं नसतं. हरळी घ्या. गणपतीला वाहतो तीच दूर्वा. आजी शेतातली हरळी खणताना तिला अशा शिव्या द्यायची की आम्ही मुलं लांबून ऐकायला थांबायचो, कारण वरून कितीही वाळली तरी जमिनीखालचं खोड जिवंत असतं आणि पहिल्या पावसाला ती पुन्हा हिरवी होते. उन्हाळ्यात ती स्लीप मोडवर जाते, एवढंच. बऱ्याच लॉनवर तिच्याच जातभाई असतात आणि आपण त्यांना आठ महिने झोपू देत नाही.

याच हव्यासातून कोनोकार्पस आला. सदा हिरवा, भराभर वाढणारा, कंपाउंडला भिंतीसारखा लावता येणारा. 2023 मध्ये गुजरातनं त्याच्या लागवडीवर बंदी घातली. आमच्या गेटपासून टॉवरपर्यंत त्याची रांग अजून उभी आहे.

आता त्या काकांविषयी. ते या एकाच कॅम्पसमध्ये नऊ वर्षं आहेत, माझ्या दुपटीहून जास्त. कोणत्या नळाला कुठं गळती आहे आणि कोणत्या झाडावर शिक्रा बसतो ते त्यांना माहीत आहे. नऊ वर्षांत तीन कंत्राटदार बदलले. दर वेळी नवा टीशर्ट, नवं आयकार्ड, नवी जॉइनिंग डेट. ग्रॅच्युइटीला सर्वसाधारणपणे पाच वर्षांची सलग नोकरी लागते. काकांची पाच वर्षं एकाही कागदावर भरत नाहीत. बाग बारमाही, माळी मात्र पुढच्या टेंडरपर्यंत.

1970 च्या कंत्राटी कामगार कायद्यात एक चांगली गोष्ट होती. एखाद्या कामात कंत्राटी पद्धत बंद करायची का, हे ठरवताना ते काम बारमाही स्वरूपाचं आहे का हे सरकारनं पाहावं, असं त्यात होतं. 2020 ची व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता म्हणते, आस्थापनेच्या मुख्य कामात कंत्राटी मजूर नको. मग कोणती कामं सहसा मुख्य धरायची नाहीत याची यादी देते. त्या यादीत बागकाम आणि लॉनची देखभाल चक्क नावानिशी आहे. इतक्या बारकाईनं लॉनचा विचार संसदेत झालाय हे वाचून मी चाट पडलो.

मला बाग नको आहे असं नाही. माझं म्हणणं आहे की पुढचं कंत्राट वेगळं लिहा. लॉन तिथंच ठेवा जिथं माणसं खरंच बसतील, आणि 'चालू नये'ची पाटी काढा. बाकीचं गवत फेब्रुवारी ते मे पिवळं पडलं तर दंड कापू नका. पान झाडाखालीच राहू द्या, फक्त पायवाट झाडा. मुख्य म्हणजे कंत्राटदार बदलला तरी माळ्याची जुनी नोकरी मोजली जाईल अशी अट घाला. ही अट कंपनी घालू शकते, लॅपटॉप कोणत्या ब्रँडचा हवा हे नाही का ती घालत? हे सगळं मी फॅसिलिटीला मेलवर लिहून पाठवलं. 'सजेशन नोंदवून घेतली आहे' असं उत्तर आलं. चार महिने झाले.

जांभळाला या पावसाळ्यात धुमारे फुटलेत. काका म्हणाले, "फळ धरायला दोन-तीन वर्षं तरी जातील सर." तिकीट बंद झालं तेव्हा ॲपनं मला विचारलं होतं, तुम्ही समाधानी आहात का? झाड बघायच्या आधीच, मीटिंगमध्ये बसल्या बसल्या, मी पाच स्टार दिले होते. परवा ते बदलायला गेलो. बंद झालेल्या तिकिटाचं रेटिंग बदलता येत नाही.