ओपन सोर्स प्रकल्प बेवारस झालाय, हे ठरवायचं कसं?

मार्च २०२४ मध्ये जगभरातले असंख्य लिनक्स सर्व्हर थोडक्यात वाचले. फाइलचा आकार कमी करणाऱ्या 'एक्सझेड युटिल्स' या सॉफ्टवेअरमध्ये कुणीतरी चोरवाट बसवली होती. सर्व्हरवर लॉगिन व्हायला साधारण अर्धा सेकंद जास्त का लागतोय, हे शोधताना आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरला ती सापडली.

पण चोरवाट बसवणारा आत आला कसा?

'जिया टॅन' हे नाव वापरणाऱ्या व्यक्तीनं २०२१ पासून या प्रकल्पाला मदत सुरू केली होती. २०२२ मध्ये काही अनोळखी नावांनी तक्रारी येऊ लागल्या: काम रेंगाळलंय, जबाबदारी दुसऱ्याकडे द्या. मूळ मेंटेनर, म्हणजे प्रकल्प सांभाळणारे, लासे कॉलिन यांनी सांगितलं की त्यांचा रस संपलेला नाही, पण हे बिनपगारी, छंदाचं काम आहे. पुढे नवी आवृत्ती काढण्याचे अधिकार जिया टॅनला मिळाले.

थोडक्यात, 'इथे कुणी लक्ष देत नाही' ही ओरडच आत शिरण्याचा रस्ता ठरली. म्हणूनच एखादा प्रकल्प खरंच सोडून दिलाय का, हा प्रश्न महत्त्वाचा आहे.

अपडेट नाही म्हणजे बंद?

तसं नाही. डोनाल्ड क्नुथ यांचं 'टेक' हे अक्षरजुळणीचं सॉफ्टवेअर बघा. गणिताची पुस्तकं आणि शोधनिबंध आजही त्यात तयार होतात. क्नुथ यांनी २०२१ मध्ये त्यातल्या चुका तपासल्या. पुढची तपासणी थेट २०२९ मध्ये. मधली शांतता म्हणजे दुर्लक्ष नाही. काम जवळपास पूर्ण झालंय, एवढाच तिचा अर्थ.

हालचाल आहे म्हणजे सगळं ठीक?

तसंही नाही. 'ओपनऑफिस'मधून २०१० मध्ये 'लिबरऑफिस' वेगळं झालं आणि बरेच डेव्हलपर तिकडे गेले. २०१५ मध्ये ओपनऑफिसमधली एक सुरक्षा त्रुटी एप्रिलमध्ये जाहीर झाली, पण दुरुस्त आवृत्ती आली ऑक्टोबरमध्ये. तोवर वापरणाऱ्यांना एक फाइल स्वतः काढून टाकायला सांगितलं गेलं होतं. २०१६ मध्ये प्रकल्प बंद करण्यावर खुद्द प्रकल्पातच चर्चा झाली. तो बंद झाला नाही. पण २०१४ च्या ४.१ नंतर येत राहिल्या त्या त्याच मालिकेतल्या छोट्या दुरुस्त्या.

म्हणजे शेवटचं अपडेट कधी आलं, यापेक्षा अडचण आल्यावर कुणी किती लवकर उत्तर देतं, हे जास्त सांगून जातं.

याचे नियम आहेत का?

काही ठिकाणी आहेत. पायथन भाषेतली पॅकेजेस जिथून डाउनलोड होतात त्या 'पायपीआय'वर तीन अटी एकत्र पूर्ण झाल्या तरच प्रकल्प सोडून दिलेला मानतात:

• मालकाशी संपर्क होत नाही
• १२ महिन्यांत नवी आवृत्ती आलेली नाही
• प्रकल्पाच्या पानावर मालकाची काहीच हालचाल नाही

संपर्काचा प्रयत्न किमान तीनदा करावा लागतो. त्यानंतरही ताबा मागणाऱ्याला सांगावं लागतं, की वेगळं नाव घेऊन काम का चालणार नाही.

नावाला एवढं महत्त्व का?

कारण ओपन सोर्समध्ये कोड कुणीही घेऊन पुढे नेऊ शकतं. याला 'फोर्क' म्हणतात. त्यासाठी मूळ प्रकल्प बंद झालाय हे सिद्ध करावं लागत नाही. लिबरऑफिसनं तेच केलं. पण लोकांचा विश्वास जुन्या नावावर असतो आणि त्या नावानं आलेली अपडेट्स अनेकदा न तपासता हजारो मशीनवर जातात. जिया टॅनला कोडची प्रत नको होती, हे नाव हवं होतं.

तुम्ही काय बघाल?

तुमचं ऑफिस किंवा स्टार्टअप एखाद्या प्रकल्पावर अवलंबून असेल, तर तीन गोष्टी तपासा. सुरक्षेच्या तक्रारींना उत्तर मिळतं का? नवी आवृत्ती काढण्याचे अधिकार एकाकडेच आहेत का? आणि मेंटेनरनं मदत मागितली आहे का? मागितली असेल, तर प्रकल्प मेलेला नाही. तो एकट्याच्या खांद्यावर आहे. अशा वेळी 'ताबा सोडा' म्हणणाऱ्यांपेक्षा पैसे किंवा वेळ देणाऱ्यांची गरज जास्त असते.