थोरल्याचा हिशेब

रुईया, पोदार, खालसा, रुपारेल, व्हीजेटीआय ही नावे घेतली की माटुंग्याचा अर्धा नकाशा सांगून होतो. गिरण्या चालू होत्या तेव्हा परळ-लालबागच्या चाळींतून या महाविद्यालयांत येणारा मुलगा पुष्कळदा घरातला धाकटा असे. थोरला वडिलांच्या ओळखीने गिरणीत बदलीवर लागलेला आणि बहिणीची शाळा मध्येच सुटलेली. पदवीच्या कागदावर नाव मात्र एकट्या धाकट्याचे येई. एका गोष्टीसाठी दुसरी जी सोडावी लागते, तिला अर्थशास्त्रात वैकल्पिक खर्च म्हणतात. पाठ्यपुस्तकातला हा खर्च निवड करणाराच सोसतो. चाळीतल्या खोलीत निवड वडिलांची, लाभ एका भावाचा आणि खर्च दुसऱ्याचा, अशी विभागणी होत असे.

याचे सर्वांत मोठे उदाहरण परळच्याच डबक चाळीत घडले. सुभेदार रामजी सकपाळ यांच्या बिऱ्हाडाला एकच खोली होती. वडील रात्री दोनपर्यंत जागत, मग भीमरावांना अभ्यासाला उठवीत आणि त्या मोकळ्या झालेल्या जागेवर स्वतः आडवे होत. पुस्तकांना पैसे नसले की ते लग्न झालेल्या मुलींकडे जात, दागिना मागून आणीत, गहाण टाकीत आणि निवृत्तिवेतन हाती आले की सोडवून परत करीत. दोन्ही मुलांचे शिक्षण झेपेना, तेव्हा थोरल्या आनंदरावांनी शाळा सोडून नोकरी धरली. धाकटे 1907 साली मॅट्रिक झाले, 1912 साली बी. ए. झाले. पुढे रुपयाच्या प्रश्नावर त्यांनी लिहिलेला ग्रंथ अर्थशास्त्राचे विद्यार्थी आजही अभ्यासतात. त्या ग्रंथाच्या मागे एक सुटलेली शाळा आणि बहिणींच्या अंगावरचे सोने आहे, हे मात्र त्यांना कोणी सांगत नाही. आनंदराव 1927 साली वारले. त्यांच्या पत्नी आणि मुलगा मुकुंदराव पुढे बाबासाहेबांच्याच कुटुंबात, हिंदू कॉलनीतल्या ‘राजगृहा’त राहिले. ही परतफेड कोणत्याही कायद्याने बाबासाहेबांवर लादलेली नव्हती.

सर्वच धाकट्यांनी असा हिशेब चुकता केला, असे म्हणता येणार नाही. आपल्या परंपरेने देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण मोजले. भावाच्या ऋणाला त्यात जागा मिळाली नाही. उलट मराठीत भाऊबंदकी हा शब्द मात्र भक्कम रुजला! 18 जानेवारी 1982 रोजी गिरणी संप सुरू झाला आणि अनेक घरांतला थोरला कायमचा बेकार झाला. तोपर्यंत धाकटा बँकेत किंवा मंत्रालयात चिकटून उपनगरात राहावयास गेलेला होता. दोघांत वैर नव्हते, पण सणावारी भेटताना थोरल्याच्या बोलण्यात एक संकोच आणि धाकट्याच्या बोलण्यात एक उपदेश येऊ लागला. वडील कोणाची बाजू घेणार?

आता त्या चाळींचा पुनर्विकास होत आहे. जी खोली कोणाला नकोशी होती, तिच्या जागी किमान तीनशे चौरस फुटांचे मालकीचे घर मिळावयाचे असल्याने जुने हिशेब उघडले जात आहेत. भाडे नियंत्रण कायद्यानुसार भाडेकरू वारल्यावर त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयाकडे भाडेहक्क जातो. तसे कोणी नसेल तरच अन्य वारसांचा विचार होतो. अनेक घरांत हा नियम नकळत न्यायच करतो, कारण आईवडिलांचे शेवटचे आजारपण काढीत खोलीत राहिलेला तो थोरलाच असतो. बहिणीचे काय? वडिलांच्या मालमत्तेत मुलीला मुलासारखा हक्क महाराष्ट्राने 1994 साली आणि केंद्राने 2005 साली दिला. परंतु तो वडिलोपार्जित मालमत्तेतला. पागडीची खोली तशी मालमत्ता नव्हे, असे सांगून तिला वाटेला लावले जाते. आणि जेथे हक्क निर्विवाद असतो तेथे तिच्यापुढे हक्कसोडपत्र येते. माहेर तुटेल या भीतीने ती सही करते. भाऊ त्या वर्षी ओवाळणी जरा जास्त घालतो.

घरटंचाईच्या काळात, राहत्या माणसाचे छप्पर जाऊ नये म्हणून केलेली तरतूद योग्यच होती. परंतु भाड्याच्या खोलीचे मालकीच्या घरात रूपांतर होताना त्याच तरतुदीने सारी मालमत्ता एका नावावर जावी, हे समर्थनीय नाही. राहणाऱ्याचा राहण्याचा हक्क अबाधित ठेवून, ते घर पुढे विकले गेल्यास त्या किमतीत इतर भावंडांचाही हिस्सा असावा, अशी नोंद करारातच सक्तीची करता येईल. विकासकाला त्यात काही तोशीस नाही. शिकलेल्या धाकट्यांनी मात्र आपला हिस्सा मागण्यापूर्वी आपली फी कोणाच्या पगारातून गेली, हे एकदा थोरल्याला विचारून यावे. तो बहुधा आकडा सांगणार नाही.